एकोणनव्वद अंश

राष्ट्रीय जलतरण स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी सकाळीच वृषाली शिंत्रेबाईंचे पाय इतके सुजले, की पांढरे बूट एकदा काढले तर पुन्हा चढतील याची त्यांना खात्री वाटेना. म्हणून दोन शर्यतींच्या मधेही त्यांनी ते काढले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून नुसत्या खुर्चीत टेकल्या.

वय सत्तावन्न. मिरजेत महापालिकेच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका, आणि गेली सव्वीस वर्षं रजा-सुट्ट्या खर्चून जलतरणाच्या पंच. काम ऐकायला सोपं होतं. पोहणाऱ्यांच्या बरोबरीनं तलावाच्या काठानं चालायचं, पन्नास मीटर जायचं, पन्नास मीटर यायचं, आपल्या बाजूच्या चार लेनवर नजर ठेवायची आणि कुणी नियमाबाहेर पोहताना दिसलं तर हात वर करायचा. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होई. पुढच्या मोसमापासून हे बंद होणार होतं. तलावाच्या तळाशी आणि भिंतींत कॅमेरे बसले होते. त्या यंत्रणेला सगळे 'अक्ष' म्हणत. अक्ष प्रत्येक खेळाडूच्या खांद्यांची रेघ सेकंदाला दोनशे वेळा मोजत असे. या वर्षी पंचही होते आणि अक्षही. पुढच्या वर्षी एकटा अक्ष. बाईंना याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटत होतं.

"दोनशे मीटर बॅकस्ट्रोक, मुली, तिसरी हीट," ध्वनिवर्धकावर पुकारा झाला. बाई उठल्या.

चौथ्या लेनमध्ये ईश्वरी आंबी होती. मिरजेच्या कृष्णाघाटावर नाव चालवणाऱ्यांच्या घरातली मुलगी. सात वर्षांची असताना ती महापालिकेच्या तलावावर आली, तेव्हापासून पंधराव्या वर्षापर्यंत बाईंनीच तिला शिकवलं. मग पुण्याच्या एका खाजगी अकादमीनं तिला निवडून नेलं. आता ती एकोणीसची होती. पंचांच्या यादीत नाव आलं तेव्हाच बाईंनी हे सगळं मुख्य पंच सामंतांच्या कानावर घातलं होतं. "अहो, इथल्या प्रत्येक पंचानं कुणाला ना कुणाला शिकवलंय," सामंत म्हणाले होते. "असं बघत बसलो तर काठावर उभं कोण राहील?"

भोंगा झाला. आठही मुली मागच्या मागे पाण्यात झेपावल्या, पाण्याखालून पंधरा मीटर गेल्या आणि वर आल्या. सात जणी उताण्या होत्या, छताकडे तोंड करून, एकामागून एक हात टाकत. ईश्वरी मात्र कुशीवर होती. एक हात डोक्याच्या पुढे सरळ ताणलेला, दुसरा खोल पाण्यातून वल्ह्यासारखा फिरणारा, आणि दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे आडवे हलत होते. दर तीन हातांनंतर तिचा खांदा किंचित मागे झुकायचा, पाठ पाण्याला टेकल्यासारखी व्हायची आणि लगेच ती पुन्हा कुशीवर.

बाईंचा हात छातीपर्यंत वर आला. पाठीवरच्या शर्यतीत शरीर थोडं कललं तर चालतं, अगदी कुशीकडेही झुकलं तरी चालतं, पण खांद्यांची रेघ नव्वद अंशांच्या आत राहिली पाहिजे, असा नियम होता. ही तर सरळसरळ कुशीवर पडली होती. बाईंनी अक्षाचे आकडे दाखवणाऱ्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. चौथ्या लेनचा दिवा हिरवा होता. खाली आकडे बदलत होते. एकोणनव्वद पूर्णांक एक. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक नऊ. एकोणनव्वद पूर्णांक दोन.

हात खाली आला. बाई चालत राहिल्या.

ईश्वरीनं दोन मिनिटं नऊ सेकंदांत शर्यत संपवली. दुसरी मुलगी तिच्यामागे पंधरा मीटरवर होती. प्रेक्षक उभे राहून ओरडायला लागले.

*

चहाच्या टेबलापाशी हर्षल रणपिसे भेटले. अकादमीचे प्रशिक्षक. पस्तिशीचे, पण कानशिलांवरचे केस पांढरे झालेले. मूळचे इंजिनिअर. "मॅडम, तुमच्याच हाताखालची मुलगी आहे," ते म्हणाले. "पाण्याची भीती नाही, ती तुमची देणगी. आम्ही नुसता आकार दिला."

"आकार कसला दिलात ते तरी सांगा," बाई म्हणाल्या. "मला तर पोहणंच वाटलं नाही."

रणपिश्यांना हा प्रश्न आवडला. त्यांनी कागदी पेला टेबलावर आडवा ठेवला. "माणूस पाण्यावर सपाट पडून पुढे जातो तेव्हा निम्मी ताकद लाटा उठवण्यात वाया जाते. रुंद फळी ढकलल्यासारखं. तीच फळी कडेवर उभी केली की पाणी कापलं जातं. पाण्याखाली मासा शेपूट आडवी हलवतो, तिचे भोवरे बाजूला जातात, वर पृष्ठभागाला आपटत नाहीत. हे सगळं जुनंच आहे. अडचण नियमाची होती. नव्वदच्या आत राहायचं."

"आणि ते राहता कसं येतं?"

"आम्ही ईश्वरीची एक जुळी बनवली. संगणकात. तिची हाडं, स्नायू, फुप्फुसं, सगळी मापं तंतोतंत घेऊन. नियम तिला सांगितले, पाणी दिलं, आणि म्हटलं, पोह. आठवडाभरात ती जुळी चाळीस लाख वेळा दोनशे मीटर पोहली. हा प्रकार तिनं शोधला, मी नाही. एकोणनव्वद अंशांवर राहणं हेच तिच्या शरीराला सगळ्यात वेगवान पडतं."

मग तो प्रकार खऱ्या मुलीच्या अंगात उतरवायचा होता. सरावात ईश्वरीच्या पाठीवर आणि खांद्यांवर पातळ पट्ट्या चिकटवत. ठरलेल्या कोनापासून ती जराशी ढळली की त्या बाजूची पट्टी थरथरायची. रोज चार तास. काही आठवड्यांनी शरीर थरथर व्हायच्या आधीच सावरायला लागलं. मग पट्ट्या काढल्या तरी कोन सुटेना. स्पर्धेत अंगावर काही लावायला बंदी आहे, आणि आता लावायची गरजच उरली नव्हती.

"एक अंशाचं अंतर आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

"एक अंश पुष्कळ असतो, मॅडम," रणपिसे हसून म्हणाले. हसताना त्यांचे डोळे मिटत होते. त्यांचीही झोप झालेली दिसत नव्हती.

*

अंतिम शर्यत संध्याकाळी साडेपाचला होती. दुपारी जरा पाठ टेकावी म्हणून बाई पंचांच्या खोलीकडे निघाल्या. लिफ्ट बंद होती. मागच्या जिन्यानं चढताना मधल्या वळणावर कुणीतरी बसलेलं दिसलं. ईश्वरी होती. एक तळवा भिंतीला सपाट टेकवून ती पायरीवर बसली होती.

"अगं, तू इथं काय करतीस? पडून राहायचं सोडून?"

"पडवत नाही, बाई. आडवं झालं की खोली फिरती. बसलेलं बरं वाटतं."

बाई तिच्या शेजारी टेकल्या. बसताना गुडघे वाजले. "कधीपासून?"

"दिवाळीपासून." एप्रिल चालू होता. "आधी सराव झाला की तासभर वाटायचं. आता दिवसभर असतं. रस्त्यानं चालताना भिंत धरावी लागती. उताणी झोपता येत नाही. उशी लावून कुशीवर टाकलं की मगच अंग सपाट पडल्यासारखं वाटतं."

"रणपिश्यांना सांगितलंस?"

"सांगितलं की. सर म्हणाले, शरीर नवीन शिकतंय, बसेल हळूहळू. अकादमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळीनं झोप येती, पण फिरायचं थांबत नाही." ती थांबली. "उताणी कुठं आणि कुशीवर कुठं तेच मला कळेना झालंय, बाई. पाण्यात मी अगदी सरळ पाठीवर आहे असंच वाटतं. बाहेर आले की जमीन तिरकी."

बाईंनी शाळेत कधीमधी शरीरशास्त्राचा तास घेतला होता, त्यातलं त्यांना आठवत गेलं. कानाच्या आत, अगदी खोल, एक तोल सांभाळणारा अवयव असतो. त्यात बारीक खड्यांचा थर असतो. डोकं कललं की ते खडे खालच्या बाजूला ओढले जातात, आणि वर कुठं, खाली कुठं ही बातमी मेंदूला पोचते. मेंदू ती बातमी डोळ्यांशी आणि कातडीशी ताडून बघतो. तिघांचं जुळलं तर माणूस निर्धास्त उभा राहतो. इथं कातडी सहा महिने, रोज चार तास सांगत होती, की ही कूस नाही, ही पाठ आहे. कान नाही म्हणत होते. शेवटी मेंदूनं कानांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं. रणपिश्यांच्या संगणकातल्या जुळीला हाडं होती, स्नायू होते, फुप्फुसं होती. कान कुणी दिलेच नव्हते. तिला चक्कर यायचा प्रश्नच नव्हता.

"बाई," ईश्वरी म्हणाली, "संध्याकाळी हात वर करा."

"काय?"

"मला बाद करा. तुम्ही पंच आहात. तुम्हाला दिसलं म्हणा, की मी नव्वदच्या पलीकडे गेले."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"माझ्यासाठी नाही म्हणत," ईश्वरी घाईनं म्हणाली. "म्हणजे, माझ्यासाठीपण. पण जूनपासून आणखी नऊ मुलांना पट्ट्या लावणार आहेत. सगळ्यात लहान आहे ती दहा वर्षांची. आज माझं रेकॉर्ड झालं की त्यांचे आईबाप धावत येऊन सह्या करतील. मी बाद झाले तर तो प्रकारच बाद होईल. सर वाईट नाहीत हो. नियमात बसत नाही म्हटलं की ते स्वतःच बंद करतील."

एक हात वर करायचा. बाईंना वाटलं, किती सोपं आहे. सव्वीस वर्षांत हजार वेळा केलं असेल. आणि तसं केलं की सगळं एकदाचं संपेल, आपलं आणि हिचंही.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"का?"

"अक्ष हिरवा दाखवील. रणपिसे लगेच दाद मागतील. मग मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल, की एकोणनव्वदच होतं आणि म्हातारीची नजर चुकली. त्यानंतर त्या प्रकाराला हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही. आणि ते सोड. जे मला दिसलं नाही, ते दिसलं म्हणून मी लिहिणार नाही."

"मग नियमच खोटा आहे."

"नियम खोटा नाही गं. लिहिणाऱ्यांना वाटलं नव्हतं, की कुणी अगदी काठावर जाऊन मुक्काम करील." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खांद्याच्या पात्यांमध्ये पट्ट्यांचे लालसर चौकोनी डाग होते. "तू पोहूच नकोस. नाव काढून घे."

"काढलं तर पोटात दुखलं म्हणून सांगतील. ऑगस्टमध्ये परत उभी करतील. काय बदललं मग?" ती भिंतीच्या आधारानं उठली. "सांगा की, काय करू?"

"मी पंच आहे. तुला काय कर ते सांगता येत नाही मला," बाई म्हणाल्या. "नव्वदच्या पलीकडे वळलीस तर हात वर करीन. नाही वळलीस तर नाही. एवढंच माझ्या हातात आहे. शर्यत झाली की मात्र मी तुला चांगल्या डॉक्टरकडे नेणार. रणपिसे काही का म्हणेनात."

ईश्वरी एक-एक पायरी चाचपत खाली उतरून गेली. बाईंना स्वतःचा राग आला, पण तो धरून ठेवण्याइतकी ताकद अंगात उरली नव्हती. त्या तिथंच बसून राहिल्या. पाठ टेकायची ती राहूनच गेली.

*

संध्याकाळी गॅलरी भरली होती. सकाळची बातमी पसरली होती. बाई आपल्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. पहिल्या चार लेन त्यांच्या, पलीकडच्या चार दुसऱ्या पंचांच्या.

भोंगा झाला. पहिले पन्नास मीटर सकाळसारखेच गेले. ईश्वरी कुशीवर, बाकीच्या उताण्या, आणि मधलं अंतर वाढतच चाललेलं. बाई चालत होत्या. मनगटावर हिरवा दिवा. एकोणनव्वद पूर्णांक तीन.

ईश्वरी भिंतीशी पोचली, पाण्याखाली कोलांटी घेऊन फिरली, पायांनी रेटा दिला आणि वर आली. वर आली ती उताणी.

गॅलरीतून चक्रावल्यासारखा आवाज उठला. ईश्वरीनं डावा हात मागे टाकला, मग उजवा. साधा बॅकस्ट्रोक, मिरजेच्या तलावावर कुठलंही पोर पोहतं तसा. पण तिला तो जमत नव्हता. चौथ्याच हाताला ती दोरीवर आपटली. तिनं स्वतःला ढकललं, सरळ झाली, आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या दोरीवर गेली. पाय बुडत होते. तिला आपण पालथी होतोय असं वाटत असणार, हे बाईंना तिच्या मानेवरून कळलं. ती डोकं सारखं उचलत होती. डोळे सताड उघडे होते आणि छतावर काहीतरी शोधत होते. त्या नव्या तलावाचं छत शिंपल्यासारखं गोलाकार होतं. त्यात एकही सरळ रेघ नव्हती.

तिच्या पुढून एक मुलगी गेली, मग दुसरी.

ईश्वरीचं डोकं बाजूला वळलं आणि तिला बाई दिसल्या. पांढरा कुडता, पांढरी सलवार, काठावरून चालणारी एक उभी आकृती. पुढच्या हाताला ईश्वरीनं पुन्हा तिकडे पाहिलं. त्यापुढच्या हाताला पुन्हा. तिच्या खांद्यांची डगमग कमी झाली. पाय वर आले.

बाईंना कळलं. आपण नुसतं ताठ उभं असणं तिला वर-खाली ओळखायला पुरतंय.

पण बाकीच्या मुली पुढे निघून चालल्या होत्या. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेनवर नजर ठेवायची तर बाईंना त्यांच्या बरोबरीनं पुढे जायला हवं होतं. तेच त्यांचं काम होतं. तीन पावलं त्या पुढे गेल्याही. मग ईश्वरीचं डोकं त्यांना शोधत वळलं, सापडेना म्हणून पुन्हा वर झालं आणि ती दोरीवर गेली.

बाईंनी पाय आखडते घेतले.

त्या थांबल्या नाहीत, मागेही वळल्या नाहीत. फक्त हळू झाल्या, इतक्या हळू, की चौथी लेन त्यांच्या खांद्याला खांदा लावून आली. उजव्या गुडघ्यामुळे त्या गेली काही वर्षं एका अंगानं झुकून चालत. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दात आवळून पाठ ताठ केली. झुकून चालून भागणार नव्हतं. गुडघ्यातून कळ वरपर्यंत गेली. तशाच त्या चालल्या. ती लांबी, मग वळून पन्नास मीटर, पुन्हा वळून आणखी पन्नास. पुढे काय चाललंय तिकडे त्यांनी पाहिलं नाही. ईश्वरीनंही पाहिलं नाही. हात पडत होता, डोळे काठाकडे येत होते, दुसरा हात पडत होता. मनगटावरच्या पट्टीवर आकडे आले होते. एकतीस. अठ्ठावीस. तेहेतीस.

शेवटच्या पाच मीटरांत ईश्वरीनं काठाकडे पाहणं सोडलं आणि डोळे मिटून हात मागे टाकला. बोटं भिंतीला लागली. दोन मिनिटं एकवीस सेकंद. सहावी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काहींना वाटलं, तिच्या पायात गोळा आला असेल.

*

नियमाप्रमाणे बाईंनी पंचांची चिठ्ठी भरली. लेन चार: दोष नाही. लेन एक, दोन, तीन: इथं त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, "दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या लांबीत माझे लक्ष नव्हते." खाली सही केली. आणि मागच्या बाजूला दुपारी जिन्यात झालेलं बोलणं चार ओळींत उतरवलं.

सामंतांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "बाई, हे कशाला लिहिताय? तीनही लेन साफ आहेत. कॅमेरे होते की."

"कॅमेरे होते," बाई म्हणाल्या. "मी नव्हते."

"हे वर गेलं तर तुमचं पंचाचं कार्ड काढून घेतील. शेवटच्या वर्षी कशाला डाग?"

"घेऊ देत. पाठीमागचं मात्र नीट वाचा आणि लावून ठेवा. त्या मुलीच्या प्रकृतीबद्दल आहे ते."

ईश्वरी शिडीपाशी कठडा धरून उभी होती. रणपिसे तिच्यासमोर होते. ओरडत नव्हते, आणि ते जास्तच वाईट दिसत होतं. "काय झालं?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "पहिल्या लांबीत तू रेकॉर्डच्या पुढे होतीस. काय झालं, ईश्वरी?"

"उताणी पोहले, सर," ईश्वरी म्हणाली. थंडीनं तिचे दात वाजत होते. "शर्यत पाठीवरचीच होती ना?"

"पण का?"

"बघायचं होतं, मला अजून येतंय का ते."

 बाईंनी हातातलं चिठ्ठ्यांचं पॅड खुर्चीवर ठेवलं, मोठा टॉवेल उचलला आणि ईश्वरीच्या खांद्यांवर टाकला. पंचांनी खेळाडूला हात लावायचा नसतो. पण बाई आता पंच राहिल्या नव्हत्या, निदान स्वतःच्या मनाशी तरी.

*

कानाच्या डॉक्टरांनी एका अंधाऱ्या खोलीत ईश्वरीसमोर उजेडाची एक काठी ठेवली आणि सांगितलं, ही अगदी उभी कर. ईश्वरीनं ती फिरवली, निरखली, पुन्हा थोडी फिरवली. "झाली," ती म्हणाली. काठी एकवीस अंशांनी कलली होती.

पट्ट्या बंद झाल्या, अकादमी सुटली. ईश्वरी मिरजेला घरी आली. सहा आठवड्यांत एकवीसचे चौदा झाले. घाटाच्या पायऱ्या ती बसून उतरायची.  वडिलांनी नाव तिच्यासाठी म्हणून पुसून ठेवलेली असायची, आणि ती नावेत पाऊल ठेवत नसे.

मे महिन्याच्या शेवटी जलतरण संघटनेनं पुण्यात चौकशी समिती बसवली. बाईंचं कार्ड तोवर गेलं होतं. त्या साक्षीदार म्हणून गेल्या, ईश्वरीला घेऊन. लांब खोली होती. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला टेबलामागे पाच सदस्य, डाव्या अंगाला खिडक्यांची ओळ. रणपिश्यांनी भिंतीवर आलेख दाखवले. एकवीसचे चौदा झालेले, पुढे अंदाजानं चौदाचे दहा, दहाचे पाच. "शरीर पूर्ववत होतं," ते म्हणाले. "वेळ लागतो, पण होतं. लहान मुलांमध्ये तर आणखी लवकर होईल. आणि मुलांसाठी आम्ही सरावाचे तास निम्मे ठेवलेत."

अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. भले गृहस्थ, पण दुपारची जेवणं झालेली होती. त्यांनी डॉक्टरांचा अहवाल उलटून पाहिला. "चौदा अंश," ते म्हणाले. "म्हणजे नेमका त्रास किती, हे आमच्यासारख्यांना कळत नाही हो. दिसायला तर मुलगी छान आहे."

बाई बोलणार होत्या. सबंध प्रवासात त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली होती. पण ईश्वरी आधी उठली.

"चालून दाखवू, सर?"

ती दारापाशी गेली. अध्यक्षांच्या टेबलाकडे तोंड करून उभी राहिली. "तुमच्याकडे येते. डोळे मिटून," ती म्हणाली आणि निघाली.

पहिली दोन पावलं ठीक पडली. तिसऱ्यापासून ती डावीकडे सरकायला लागली. घाई नव्हती, अडखळणं नव्हतं. चेहरा शांत होता, मान ताठ होती, आणि ती नीट, विश्वासानं एकेक पाऊल टाकत टेबलापासून लांब चालली होती. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि मुठी आवळून पुन्हा बसल्या. पंखा फिरत होता. दहाव्या पावलाला ईश्वरीनं टेबल आलं असेल म्हणून हात पुढे केला. हाताला खिडकीचा गज लागला. तिनं तो चाचपला.

"पोचले ना, सर?" ती म्हणाली आणि तिनं डोळे उघडले. समोर काच होती आणि काचेपलीकडे रस्ता. अध्यक्ष तिच्या उजव्या हाताला, बरेच दूर.

"मी सरळच आले होते," ती हळू आवाजात म्हणाली.

समितीचा निर्णय यायला पुढे चौदा महिने लागले. नव्वद अंशांचा नियम तसाच राहिला, कारण तो आंतरराष्ट्रीय होता, बदलणं इथल्या कुणाच्याच हातात नव्हतं. त्या हिवाळ्यात दुसऱ्या एका देशातली मुलगी कुशीवर पोहून सुवर्णपदक घेऊन गेली. पण नऊ मुलांचा प्रश्न त्या खोलीत, त्या दुपारीच मिटला.

रणपिसे खिडकीकडे बघत उठले. मग त्यांनी भिंतीवरचा आलेख बंद केला. "जूनची यादी मी मागे घेतो," ते म्हणाले. "नऊही नावं. लिहून घ्या."

"अहो, आमचा निर्णय अजून व्हायचाय," अध्यक्ष म्हणाले.

"तुमचा व्हायचाय," रणपिसे म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, खोलीच्या त्या बाजूला नेली आणि खिडकीपाशी ईश्वरीच्या मागे ठेवली. "बस," ते म्हणाले.

ईश्वरीनं एका हातानं खुर्चीची पाठ धरली, दुसऱ्यानं बैठक चाचपली, आणि बसली.